शेहेचाळिसावं मेंढरू

हरिबा बंडगर आमच्या शाळेत शिपाई होता आणि मी त्याच शाळेत ड्रॉइंग मास्तर. शाळेची घंटा त्याच्या हातात होती आणि माझ्या हातात नुसता खडू, त्यामुळे दोघांत मान कुणाला होता हे वेगळं सांगायला नको. मी वर्गावर गेलो काय आणि न गेलो काय, मुलांची फुलदाणी वाकडीच निघायची. हरिबानं घंटा दिली नाही तर मात्र सगळी शाळा अडकून पडायची.

तो सांगोल्याकडचा धनगर. ओढ्यात पाय घसरून त्याचा गुडघा मोडला आणि रानं तुडवणं संपलं. तेव्हा मेंढरं धाकट्या भावाच्या, येडूच्या, हवाली करून तो सोलापुरात आला. वाईट वर्षांनी कळप आटत आटत सतरावर आला होता. ती सतरा मेंढरं म्हणजे हरिबाचा सगळा जीव. बायको होती, बनाबाई, पण तीच म्हणायची की आमचा नंबर अठरावा. थंडीच्या दिवसांत येडू कळप घेऊन शहराच्या आसपास यायचा, शेतकऱ्यांच्या रानात खतासाठी बसवायचा, आणि दर रविवारी हरिबा लंगडत लंगडत भेटीला जायचा. सोमवारी मला येऊन सांगायचा की काशी वाळली आहे, म्हातारीला खोकला झालाय. मला वर्षभर वाटत होतं की हे त्याचे नातेवाईक.

या माणसाची एक खोड होती. त्याला माणसं ओळखू येत नसत. "सगळी सारखीच दिसत्यात, मास्तर. दोन डोळं, एक नाक, आन मिशा." शिक्षकांना तो पायताणावरून ओळखी. हेडमास्तरांनी नवे पंपशू घेतले त्या दिवशी त्यानं त्यांना फाटकात अडवून "कोण पायजे?" म्हणून विचारलं. जुने जोडे हेडमास्तरांनी संस्कृतच्या शास्त्रीबुवांना दिले होते. त्यामुळे पुढे महिनाभर हेडमास्तरांचं टपाल शास्त्रीबुवा वाचत होते, आणि वाचून गप्प बसत होते.

सन १९२७ च्या दिवाळीत मी मुंबईहून पेस्टलची पेटी मागवली. पेस्टल म्हणजे रंगाची पूड दाबून केलेल्या कांड्या. पाणी नको, तेल नको, ब्रश नको. कांडी बोटांत धरायची आणि कागदावर ओढायची. अठ्ठेचाळीस कांड्या कापसाच्या गादीवर बाळंतिणीसारख्या निजलेल्या होत्या. मी रोज पेटी उघडायचो, बघायचो आणि मिटायचो. वापरली तर झिजेल ही एक भीती. वापरूनही चित्र वाईट निघालं तर मग दोष कुणाला द्यायचा ही दुसरी, आणि खरी भीती हीच. आमच्या सौ. मथुराबाई म्हणाल्या, "चित्रं काढायला आणलीत की पुजायला?" मी फार संतापलो आणि पेटी उचलून शाळेत नेली.

एकदा मधल्या सुट्टीत मी पेटी उघडून बसलो होतो, तेवढ्यात हरिबा पाणी घेऊन आला आणि डोकावला.

"मास्तर, ह्यातला एखादा खडू द्या की. मेंढरास्नी खूण कराया."

"खुणेला तुमचा हुरमुंज असतो ना?"

"हुरमुंज समदेच लावत्यात. समद्यांची मेंढरं तांबडी. मला लागत न्हाय खूण, मी तोंडावरनं वळखतो. पर लोकास्नी लागती."

पेटीत जांभळ्याच्या चार छटा होत्या. जांभळ्याचं काय करायचं असतं ते मला परीक्षा पास होऊनही कळलं नव्हतं. मी चारही कांड्या देऊन टाकल्या. दानशूर म्हणून स्वतःवर खूषही झालो. पुढे जे झालं त्यात गुन्हेगार कोण हे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

हुरमुंज धनगर तेलात कालवतात, म्हणून तो लोकरीला धरतो. पेस्टल कोरडं. ते धरत नाही, चोळलं की पसरतं. पेस्टलचा हा पहिला धडा प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर असतो. मला तो पाठ होता. पण पाठ असलेली गोष्ट वेळेवर आठवेल तर तो मास्तर कसला? आणि अंगाला अंग चोळणं हाच तर मेंढरांचा थंडीतला उद्योग.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात येडूचा कळप कंबर तलावाजवळ उतरला होता. शेजारीच अक्कलकोटकडच्या सिद्धाप्पाचा कळप होता, अठ्ठावीस मेंढरांचा. सिद्धाप्पा वयानं मोठा, कानडी मुलखातला, बोलायला कमी. दोन्ही कळपांची दरवर्षीची गाठ. त्या रात्री कडाका होता आणि दोन्ही कळप एकमेकांत शिरून बसले. सकाळी बघतात तो पंचेचाळीसच्या पंचेचाळीस जांभळी. काळी होती ती जांभळट काळी आणि बांडी होती ती जांभळट बांडी. धनी बघत उभे राहिले आणि तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. मेंढरं बिथरली, पळाली आणि एका पेन्शनर गृहस्थांच्या बागेत शिरून फ्लॉवर खाऊ लागली. गृहस्थ दात घासत बाहेर आले. पंचेचाळीस जांभळी मेंढरं बघून त्यांना वाटलं, आपला वर जायचा दिवस उजाडला. ते तुळशीला प्रदक्षिणा घालू लागले. अकराव्या प्रदक्षिणेला त्यांना मेंढरांच्या तोंडातला फ्लॉवर दिसला आणि ते पुन्हा या जगात आले. त्यांच्या गड्यांनी सगळी मेंढरं हाकून कोंडवाड्यात घातली.

कोंडवाडा गावाबाहेर होता आणि तिथल्या कारकुनाचं नाव विरुपाक्ष. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. त्याचा नियम असा की मालकानं जनावराचं वर्णन आधी लेखी द्यायचं, मग तो ते पडताळणार, जुळलं तर जनावर सुटणार.

"रंग?" विरुपाक्षानं विचारलं.

"जांभळा," येडू म्हणाला.

"तुमची?"

"जांभळीच की," सिद्धाप्पा म्हणाला.

"मग कुठली कुणाची?"

"आत सोडा, दावतो की एकेक," येडू म्हणाला.

"वर्णन आधी, आत नंतर." विरुपाक्षानं टाक कानावर ठेवला आणि त्याला वाटलं, आपण उदार व्हावं. "हे बघा. तुमची सतरा, यांची अठ्ठावीस. मोजून न्या. मेंढरू ते मेंढरू, त्यात एवढं काय?"

 मग सिद्धाप्पा सावकाश म्हणाला, "रावसायब, तुमाला लेकरं किती?"

"चार."

"मलाबी चार. माझी चार तुमी घ्या, तुमची चार मला द्या. मोजून."

विरुपाक्षाला राग आला. सतरा तारखेपर्यंत लेखी वर्णन आलं नाही तर नियमाप्रमाणे लिलाव, असं सांगून त्यानं खिडकी लावून घेतली. कोंडवाड्याच्या भिंतीवरून दोन खाटीक तेव्हाच आत डोकावून बघत होते.

हरिबावर सगळ्यांचा राग निघाला, आणि तो रास्तच होता. येडूनं भावाशी बोलणं टाकलं. सिद्धाप्पा एवढंच म्हणाला, "तुझ्या खडूनं माझं घर रंगलं," आणि पाठ फिरवून बसला. हरिबा शाळेत येऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. घंटेची वेळ टळून गेली तरी त्याला भान नव्हतं. मी त्याला असा कधी पाहिला नव्हता.

"मास्तर, मी तोंडं सांगतो. तुमी लिवा. समदी तोंडपाठ हायत."

मी लिहायला बसलो. पहिली: काळी, कान लांब. दुसरी: काळी, कान लांब. तिसरी: काळी, कान लांब, जरा रागीट. पाचव्या मेंढरानंतर मी कागद फाडला.

"अरे, या सगळ्या एकच झाल्या."

"एक कशा हुतील? काशीचा कान खाली पडतो. म्हातारीचा पडल्यावानी वाटतो, पर पडत न्हाय."

"मग तेच मला दिसत नाही ना!" मी ओरडलो. आणि मग माझ्याच तोंडून निघून गेलं, "काढून दाखव."

दुसऱ्या दिवसापासून संक्रांतीची, गड्ड्याच्या जत्रेची सुट्टी होती. सबंध गाव सिद्धेश्वराच्या देवळाकडे लोटलं आणि रिकाम्या शाळेत आम्ही दोघेच राहिलो. मी पेटी आणून त्याच्यासमोर ठेवली. जीव तुटत होता, हे कबूल करतो.

पहिली कांडी त्यानं काठीसारखी मुठीत धरली आणि दाबली. ती मोडली. दुसरी मोडली. तिसऱ्या वेळी मी बाहेर जाऊन व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून आलो. कागद म्हणून मी गिरणीच्या कापडाच्या ताग्यांना गुंडाळतात तो तपकिरी कागद आणला होता. त्याची गुळगुळीत बाजू वर धरली तर रंग घसरून खाली पडायचा. हरिबानं कागद उलटा केला, खरखरीत बाजू तळहातानं चाचपली आणि म्हणाला, "ही बाजू घोंगड्यावानी हाय, ही धरंल." पेस्टलला खरखरीत कागद लागतो हे मी दहा पुस्तकांत वाचलं होतं. त्यानं तळहातानं वाचलं.

"आधी मोठा आकार घे," मी सांगितलं. "मग डोकं, मग बारकावे. आधी गडद, मग उजेड."

"मोठा आकार समद्यांचा सारखाच की. आधी कान."

मी वाद घातला. अठरा वर्षांची माझी मास्तरकी त्या एका कानापुढे पणाला लागली होती. तो ऐकेना. प्रत्येक चित्राआधी तो डोळे मिटायचा, रानात घालतात तशी "हुर्र्र" म्हणून हाक घालायचा, जरा थांबायचा, आणि मग कान काढायचा. कानाखालून डोळा, डोळ्याखालून नाक, असं मेंढरू वरून खाली उतरत यायचं. कागदावर जमलेली पूड तो फुंकून टाकायचा आणि ती माझ्या चहात पडायची. दुपारपर्यंत मी निळा, तांबडा आणि राखाडी चहा प्यालो होतो.

काळी कांडी पहिल्याच दिवशी संपली. बनाबाई भाकरी घेऊन आली होती, तिनं घरी जाऊन चुलीतले कोळसे आणून दिले. हिरव्याला मात्र त्यानं हात लावला नाही.

"हिरवा वापर ना जरा. सावलीत शोभतो."

"हिरवं मेंढरू नसतं, मास्तर."

जांभळं असतं का, हे विचारायची माझी तोंडाशी आलेली इच्छा मी गिळली.

सात-आठ चित्रं झाली तशी मी ती भिंतीला टेकवून ठेवली आणि मागे सरून बघितलं. भिंतीवरून आठ जणी माझ्याकडे बघत होत्या. एक सोशिक होती, एक लबाड, एक अशी की घरात दोन सुना असाव्यात. मला हेवा वाटला. अठरा वर्षांत मी काढलेलं एकही चित्र बघून कुणी "अरे, हा तर अमका" असं म्हटलं नव्हतं. हा माणूस त्याच सकाळी कांडी मोडत होता.

आपली सतरा झाल्यावर तो थांबला नाही.

"ही आता कुणाची?"

"सिद्धाप्पाची. तीबी काढाया पायजेत. त्याला कोण काढून देनार? दोस आपला हाय."

तिसऱ्या संध्याकाळपर्यंत काम पुरं झालं. किती झाली ते मी मोजलं नाही. माझे डोळे चित्रांवर होते आणि मनात माझ्या पेटीची अवस्था होती.

आता ही चित्रं कोंडवाड्यापर्यंत न्यायची कशी हा पेच. पेस्टल एकमेकांवर ठेवलं तर एकाचं तोंड दुसऱ्याला लागतं. शेवटी हरिबानं दोन घोंगडी मागवली, चार काठ्यांना ताणली आणि बाभळीच्या काट्यांनी चित्रं त्यांवर टाचली. एक घोंगडं येडू आणि बनाबाईनं धरलं, दुसरं हरिबा आणि सिद्धाप्पानं. सिद्धाप्पा अजून बोलत नव्हता. तो चित्रांच्या मागच्या बाजूला होता आणि पुढे येऊन बघायला तयार नव्हता. सोळा तारखेला सकाळी आम्ही निघालो आणि वाटेत गड्ड्याची गर्दी लागली.

मी पुढे चाललो होतो. कुणाचा खांदा घासला तर तीन दिवसांची मेहनत पुसली जाणार होती, म्हणून मी दोन्ही हात पसरून सांगत होतो, "बाजूला व्हा, शिवू नका, शिवू नका." लोकांनी मला बघितलं, मागची घोंगडी बघितली, त्यांवरची गंभीर तोंडं बघितली आणि जोडे काढले. एका बाईनं लांबूनच हळदकुंकू उधळलं आणि ते काशीच्या कपाळावर बसलं. एका म्हाताऱ्यानं मला विचारलं, हा कुठल्या गावचा देव? मी म्हणालो, कोंडवाड्याचा. त्यानं हात जोडले आणि चाळीसएक माणसं आमच्या मागून भजन म्हणत कोंडवाड्यापर्यंत आली.

विरुपाक्षानं खिडकी उघडली आणि मिटली. मग पुन्हा उघडली. जत्रा लोटली होती आणि तो कोंडवाड्यात अडकून पडला होता, त्यामुळे आधीच त्याचं डोकं फिरलेलं.

"लेखी वर्णन म्हणजे चित्र नव्हे," तो म्हणाला.

"काढलेलं म्हणजे लिहिलेलंच," मी म्हणालो. या विषयात मी काहीही बोलू शकतो. "ही मेंढरं याला गेले आठ दिवस दिसलेली नाहीत. आत आहेत त्यांच्याशी पडताळून बघा."

"हा एवढा हुबेहूब काढतो हे कशावरून? माझं काढून दाखव."

 हरिबानं कागद घेतला आणि दोन डोळे, एक नाक आणि मिशा काढल्या. विरुपाक्षानं ते उजेडात धरलं.

"मला मिशा नाहीत."

हरिबानं आधी त्याच्याकडे आणि मग चित्राकडे पाहिलं. "मग ही कुनाची म्हनायची?"

प्रकरण तिथेच आटोपायचं, पण मागे भजन चालू होतं. चाळीस माणसं आणि एक देव दारात असताना खिडकी लावणं विरुपाक्षाला बरं दिसेना. तो पहिलं चित्र हातात धरून आत गेला. बराच वेळ झाला. मग काशी बाहेर आली, तशीच खाली पडलेल्या कानाची, आणि तिच्यामागून विरुपाक्ष, चित्राकडे आणि तिच्याकडे आळीपाळीनं बघत.

त्यानं दुसरं चित्र नेलं, मग तिसरं. दहाव्या चित्रापर्यंत तो चुकत होता आणि येडू बाहेरून सांगत होता. पंधराव्यानंतर तो चुकेना. पंचविसाव्या चित्राला येडूनंच घाईघाईनं "ही, ही" म्हटलं, तेव्हा विरुपाक्ष त्याच्यावर खेकसला, "ही नव्हे. हिची नजर आळशी आहे. आपली ती पलीकडे, हौदाशी." बाहेर आला तेव्हा 'आपली' म्हटल्याचं त्याला कळलंही नव्हतं. सतरा येडूची, अठ्ठावीस सिद्धाप्पाची, सगळी सुटली. येडूनं भावाच्या खांद्यावर हात ठेवला. तो हात त्यानं काढला नाही.

आणि विरुपाक्षाच्या हातात एक चित्र उरलं.

तो ते घेऊन आत गेला. कोंडवाडा रिकामा होता. त्यानं कडब्याच्या गंजीमागे बघितलं, हौदात वाकून बघितलं, एका बादलीत बघितलं. बाहेर येऊन मेंढरं तीनदा मोजली. पंचेचाळीस. चित्रं मोजली, शेहेचाळीस.  आठ दिवसांपूर्वी हाच माणूस म्हणाला होता की मेंढरू ते मेंढरू. आता हरिबानं काढलं म्हणजे ते असलंच पाहिजे, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

"एक कमी आहे," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "माझ्या ताब्यातून गेलं. माझी नोकरी गेली, मास्तर."

त्यानं चित्र सिद्धाप्पापुढे धरलं. "आप्पा, ही तुमची का?"

सिद्धाप्पानं बघितलं. डावा कान फाटलेला, कपाळावर पांढरी चांदणी, आणि मान अशी वळलेली की कुणीतरी मागून हाक मारली आहे. तो म्हातारा तिथंच मातीत बसला.

"निंगी," तो म्हणाला.

मग मला कळलं ते असं. निंगी त्याची लाडकी मेंढी, हातावर वाढवलेली. तीन वर्षांमागे, चार वर्षांची असताना, बोरामणीच्या माळावर लांडग्यानं तिला उचललं. सिद्धाप्पा पाणी आणायला गेला होता. परत आला तेव्हा ओढत नेल्याची खूण तेवढी होती. तेव्हापासून तो पाण्याला स्वतः जात नव्हता.

"हिला का काढलीस?" सिद्धाप्पानं हरिबाला विचारलं. आठ दिवसांतलं त्याच्याशी पहिलं बोलणं.

हरिबा ओशाळला. "मी तुमची अठ्ठावीसच काढली, आप्पा. हात थांबवायला गेलो तर ही मागनं आली. नेमी मागनंच यायची की ती."

विरुपाक्षाला यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. तो हात जोडून सिद्धाप्पापुढे उभा होता. "आप्पा, शेहेचाळीस मिळाली असा अंगठा द्या. मी तुम्हाला घरची शेळी देतो. दुभती आहे."

"शेळी नको," सिद्धाप्पा म्हणाला. "हा कागद द्या."

अंगठ्याला शाई लावावी लागली नाही. तो मघापासून निंगीच्या गालावरून अंगठा फिरवत होता. वहीत शेहेचाळीस या आकड्यापुढे तिच्याच रंगाचा ठसा उमटला, आणि कोंडवाड्याच्या कागदोपत्री निंगी त्या दिवशी जिवंत सुटली. तो कागद दोन्ही हातांत उघडा धरून, वाऱ्याकडे पाठ करत, आडवा आडवा चालत सिद्धाप्पा अक्कलकोटच्या रस्त्याला लागला. अठ्ठावीस मेंढरं त्याच्या मागून सरळ चालली होती.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या संक्रांतीला सिद्धाप्पा शाळेत हजर. कागद उघडला तर त्यावर राखाडी डाग तेवढा. रोज हात फिरवून फिरवून म्हाताऱ्यानं तिला पुसून टाकलं होतं. मला रागही आला आणि भडभडूनही आलं. पेस्टलला हात लावू नये, हे मी त्याला चारदा बजावलं होतं.

"मंग काय झालं?" हरिबा म्हणाला. "परत काढू." त्यानं डोळे मिटले, हाक घातली, कान काढला.

सिद्धाप्पानं निरखून बघितलं. "तोंड उतरलंय हिचं."

"वरीस झालं की, आप्पा. सुटली तवा चारची हुती. आता पाचवं सरलं."

मी मध्ये काहीतरी बोलणार होतो. पण सिद्धाप्पानं विचार केला आणि मान डोलावली. "हौदु. खरं हाय."

त्यानंतर दरवर्षी असंच चाललं. सिद्धाप्पा पुसलेला कागद घेऊन यायचा आणि हरिबा एक वर्षानं मोठी निंगी काढून द्यायचा. वयाच्या सहाव्या वर्षी ती भरली. आठव्या वर्षी चांदणीखाली केस झडले. नवव्या वर्षी पुढचे दात पडले, तेव्हा सिद्धाप्पा गंभीर झाला आणि तिला कोवळा पाला काढायला सांगून गेला. हरिबानं त्या दिवशी पहिल्यांदा हिरवी कांडी उचलली. विरुपाक्ष संक्रांतीला तिळगूळ घेऊन यायचा आणि शेहेचाळीस नंबरची प्रकृती कशी आहे ते विचारून जायचा. मीही या वेडेपणात होतो. पेटी आता निम्मी रिकामी होती आणि मला तिचं काही वाटत नव्हतं.

सन १९३५ ची संक्रांत. सिद्धाप्पा आता काठी टेकत आला. हरिबानं कागदाची खरखरीत बाजू वर केली, कांडी घेतली, डोळे मिटून हाक घातली. मग थांबला. पुन्हा हाक घातली. कांडी कागदाच्या वरच थांबून राहिली.

"येत न्हाय, आप्पा," तो म्हणाला.

त्यानं कांडी पेटीत ठेवली.

"वय झालं हुतं तिचं. अकरा वर्सं म्हंजे मेंढराला लई झाली."

"कुटं गेली?"

"तुमच्याच कळपात. रातच्याला, समद्यांच्या मधी. निजली ती उठलीच न्हाय."

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. मग त्यानं विचारलं, "मंग लांडग्यानं न्हाय नेली?"

"न्हाय, आप्पा. लांडग्यानं न्हाय नेली."

सिद्धाप्पानं डोळे पुसले आणि प्यायला पाणी मागितलं. मी आणायला उठलो, तर त्यानं हातानं थांबवलं, आणि कोपऱ्यातल्या माठापर्यंत आपला आपण जाऊन पाणी घेतलं. जाताना त्यानं तो कोरा कागद मागून घेतला. सात वर्षं दोन्ही हातांत उघडा धरून नेलेला कागद त्यानं या वेळी चार घड्या घालून बंडीच्या खिशात ठेवला, कारण आता पुसलं जाण्यासारखं त्यावर काही नव्हतं.